काकूचा पासपोर्ट आणि आईची सजा

आमच्या घरात तव्यावरची पहिली भाकरी काकूच्या ताटात पडत असे. काकू म्हणजे माझी चुलती, घरातली धाकटी सून. आणि भाकरी करणारी माझी आई, थोरली. इतर घरांत हा क्रम उलटा असतो, हे मला औरंगाबादेस शिकायला राहिलो आणि चार घरी जेवू लागलो तेव्हा कळले. सुट्टीत आल्यावर मी आईला त्याचे कारण विचारले. "तिला गरम लागती," एवढेच उत्तर मिळाले. प्रत्यक्षात काकू जेवायला बसली की इतके बोलत असे, की भाकरी ताटातच निवून जाई.

मी भिडस्त माणूस. एकदा विचारून झाले की दुसऱ्यांदा विचारायला मला फार वेळ लागतो. लिहिण्याचे धाडसही मला असेच उशिरा, नोकरीतून निवृत्त झाल्यावर, होत आहे. त्यातही दुसऱ्या कशाविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. या भाकरीविषयी मात्र आता घरात सांगणारा दुसरा कोणी उरलेला नाही, म्हणून लिहितो.

आमचे गाव कुंभार पिंपळगावच्या पलीकडे, बैलगाडीने तासाभराच्या वाटेवर. निजामाचे राज्य होते. मी तालुक्याच्या शाळेत मास्तर होतो आणि शुक्रवारच्या सुट्टीला गावी येत असे. वडील वारले होते. शेती काका पाहत. काका म्हणजे काकूचे यजमान, अतिशय अबोल गृहस्थ. काकू दोघांच्या वाट्याचे बोलत असल्यामुळे त्यांना कधी अडचण पडली नाही. त्या दोघांना मूलबाळ नव्हते. माझ्याहून पाच वर्षांनी लहान असलेली माझी बहीण आणि मी, एवढीच त्या घरातली मुले.

बहिणीचे यजमान जालन्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, फिटर होते. हात चांगला, म्हणून एका गुजराती मालकाने त्यांना आफ्रिकेत, युगांडातल्या आपल्या जिनिंगवर नेले. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या जरा आधी बहीणही त्यांच्याबरोबर बोटीत बसून गेली. ती सात वर्षांत परतली नाही. पत्रे येत. पहिल्याच पत्रात तिने लिहिले होते, की इथेही आवारात पाऊल ठेवले की जालन्यासारखाच सरकीचा वास येतो, आणि तो आला की मला रडू येते. ते पत्र आईने माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतले, की ते माझे पाठ झाले.

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी, वैशाखात, मी बाजाराच्या दिवशी पिंपळगावहून एक पत्र घेऊन आलो. बहिणीला दिवस गेले होते. तीन वर्षांपूर्वी तिला पहिले मूल झाले होते आणि ते दोन दिवसांचे होऊन गेले होते. आता तिने लिहिले होते: "आई, मागच्या वेळी माझ्याजवळ आपलं असं बाईमाणूस नव्हतं. सगळे परके, भाषा परकी. या वेळी तू ये. तू उशाशी बसलीस तर हे मूल जगेल असं मला वाटतं. तू नाही आलीस तर मला भीती वाटते."

त्याखाली जावयांनी वेगळ्या शाईने, फिटरच्या नेमकेपणाने नियम लिहिले होते. आपल्या सरकारकडून पासपोर्ट काढावा लागेल. अर्ज तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून हैदराबादला जाईल. पासपोर्ट हाती आला की त्यावरचे नाव तारेने कळवावे, म्हणजे ते तिकडून प्रवेशाचा परवाना काढतील. कारखान्यातले एक मिस्त्री आणि त्यांची पत्नी रजेवर मुंबईकडे आले आहेत, ते भाद्रपदात परत निघतील, त्यांची सोबत मिळेल. आणि शेवटी, खाली रेघ ओढून: कोणत्याही कोर्टात सजा झालेल्या माणसाला इथे बोटीवरून उतरू देत नाहीत. खोटे लिहून कोणी आले आणि ते उघडकीस आले, तर त्याच बोटीने परत पाठवतात आणि ज्याने बोलावले त्याचीही चौकशी होते.

"हे कशाला लिव्हलंय?" आई म्हणाली. "आपल्यात कोण चोर हाय?"

आई बोटीत बसणार, या कल्पनेनेच काकू इतकी उत्साहात आली होती, की त्याच दिवशी तिने बाळंतिणीसाठी डिंक, खोबरे, खारीक यांची यादी मला तोंडी सांगायला सुरुवात केली. यादी संपेना, तेव्हा काकांनी हळूच विचारले, "बोट हाय का बैलगाडी?"

"तुम्ही गप बसा. तुम्हाला काय कळतंय बाळंतपणातलं!"

तालुक्याच्या कचेरीतून मी अर्जाचा कागद आणला. एका अंगाला उर्दू, दुसऱ्या अंगाला इंग्रजी. शुक्रवारी सकाळी ओट्यावर बसून मी एकेक प्रश्न मराठीत वाचत होतो आणि आई ज्वारी पाखडता पाखडता उत्तरे देत होती. वय, गाव, नवऱ्याचे नाव. नवऱ्याचे नाव अर्थात मीच लिहिले. आमच्याकडे बायका नवऱ्याचे नाव उच्चारीत नाहीत. थोरल्या दिराचे, म्हणजे भायाचे तर नाहीच नाही. मग तो प्रश्न आला. पूर्वी कधी, कोणत्या अदालतीतून सजा झाली आहे काय?

सूप थांबले. मी मान वर केली तेव्हा आई माझ्याकडे पाहत नव्हती. चुलीपुढे बसलेल्या काकूकडे पाहत होती.

"लिही की," काकू आतून म्हणाली. "न्हाई म्हणून लिही. कुठं काय झालंय?"

मी "नाही" लिहिले आणि अर्ज दिला.

पंधरा दिवसांनी पोलीस अमीनसाहेबांनी मला शाळेतून बोलावणे धाडले. अमीन म्हणजे तालुक्याचे फौजदार. हे गृहस्थ वयस्क होते, दम्याने बेजार, आणि माझ्याशी नेहमी अदबीने बोलत, कारण त्यांचा नातू माझ्या वर्गात होता. त्यांनी मला खुर्ची दिली, शिपायाला बाहेर पाठवले आणि समोरची जुनी, वाळवीने कोपरा खाल्लेली नोंदवही माझ्याकडे वळवली.

"मास्टरसाब, वालिदा का नाम यही है ना?"

"जी."

"वालिद का, गांव का, सब बराबर?"

"जी, बराबर."

"तो ये दरखास्त वापस ले जाओ." त्यांनी आवाज खाली आणला. "एक महीने की सजा है इनको. चौबीस बरस हो गए, लेकिन लिखा सो लिखा. मैं आगे भेजता तो तुम पे झूठ का मुकदमा बनता. इस वास्ते घर का आदमी समझ के बोल रहा हूं."

मी नोंद वाचली. उर्दू अक्षर घोटीव होते, चूक होण्यासारखे नव्हते. सरकारी नोकरास मारहाण आणि कोंडवाड्याचे कुलूप तोडणे. खाली माझ्या आईचे नाव. पिठात मुंगी निघाली तर ती बोटावर घेऊन दाराबाहेर सोडून येणाऱ्या माझ्या आईचे.

आईला हे कसे विचारावे, हे मला सुचेना. सभ्य स्त्री-पुरुषहो, असे म्हणून सभेत बोलणे एक वेळ जमेल, पण आईपुढे उभे राहून "तू तुरुंगात गेली होतीस का?" हे वाक्य मराठीत कसे उच्चारतात, ते मला कोणत्याही शाळेत शिकवलेले नव्हते. तो शुक्रवार मी नुसता घरात फिरत काढला. पुढच्या शुक्रवारी धीर करून गोठ्यात गेलो. काकू शेण भरत होती.

"काकू, आई कधी... म्हणजे आईच्या बाबतीत पूर्वी कधी..."

"नीट बोल की. मास्तर हाईस का चोर?"

"आई तुरुंगात गेली होती?"

काकूने पाटी खाली ठेवली आणि ती हसली. अगदी मनापासून, गोठ्यातल्या वासराने मान वळवावी इतक्या मोठ्याने.

"तुझी आई? अरे, ती पिंपळगावच्या बाजारात एकटी जायला भेती! तुरुंगात ती कशाला जाईल? मी गेल्ते."

मग शेणाच्या हातानेच पदर सावरीत, उंबऱ्यावर बसून तिने मला सगळे सांगितले. मी ते माझ्या भाषेत लिहितो. तिच्या भाषेत ते फार चांगले होते.

माझी बहीण तीन महिन्यांची असताना आमची नुकती व्यालेली म्हैस दावे तोडून सरकारी बागेत शिरली आणि कोंडवाड्यात गेली. कोंडवाड्याचा राखणदार किल्ली कमरेला लावून दुसऱ्या गावी लग्नाला निघून गेला. म्हैस दिवसभर हंबरत राहिली. तिची कास दगडासारखी झाली होती, आणि इकडे गोठ्यात रेडकू ओरडत होते. आई स्वतः अंगावर पाजणारी. तिला ते ऐकवेना. संध्याकाळी ती उठली, एक धोंडा उचलला आणि कोंडवाड्याचे कुलूप फोडले. म्हैस बाहेर काढते आहे तोच राखणदार लग्नाहून परतला. त्याने आईचा दंड धरला. आईने त्याला ढकलले. तो पाण्याच्या दगडी हाळावर तोंडावर पडला आणि त्याचे पुढचे दोन दात गेले.

"मंग तो जन्मभर बासरी वाजवल्यावानी बोलायचा," काकू म्हणाली. "पण दात सरकारी होते ना!"

खटल्याच्या दिवशी सारे घर तालुक्याला गेले होते. वडील वकिलाला शोधायला गेले. आई कचेरीबाहेर लिंबाखाली बसून रडणाऱ्या मुलीला पाजत होती. काकू आणि काका आत, भिंतीशी. आणि अशा वेळी पुकारा झाला. चपराशाने आईचे नाव घेतले. एकदा घेतले, दोनदा घेतले. तीन पुकारे झाले आणि माणूस हजर नसले तर वॉरंट निघते, एवढे काकूला माहीत होते. तिसऱ्या पुकाऱ्याला ती उभी राहिली.

"मला वाटलं, बाई येस्तोवर जागा धरून ठेवावी. गाडीत न्हाई का आपण गठुडं ठेवतो, तसं." थोरल्या जावेला ती बाई म्हणत असे.

कचेरीत यायचे म्हणून दोघी जावांनी पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता. चेहरा कोणाला दिसला नाही. पेशकाराने, म्हणजे कोर्टातल्या कारकुनाने, विचारले, नवऱ्याचे नाव काय? आता कागदावर नाव होते माझ्या वडिलांचे, म्हणजे काकूच्या भायाचे. ते ती मेली तरी उच्चारणार नव्हती. पेशकारही मराठी मुलखात मुरलेला. बायका नाव घेत नाहीत हे त्याला ठाऊक होते. त्याने कागदावरचे नाव स्वतःच वाचले आणि विचारले, हेच ना? काकूने मान हलवली. कुलूप तोडले ना? मान हलवली. ढकलले ना? मान हलवली. अर्ध्या तासात निकाल झाला. एक महिना साधी कैद. काका भिंतीशी उभे राहून, आपली बायको आपल्याच वहिनीच्या नावाने तुरुंगात जाताना पाहत होते.

आई धावत आली तेव्हा शिपाई काकूला घेऊन पायऱ्या उतरत होते. काकूने पदराआडून एवढेच म्हटले, "बाई, बोलू नको. पोरीला दूध पाज." वकील नंतर म्हणाला, की आता तोंड उघडाल तर दोघीही आत जातील, आणि नुसत्या पाहत राहिलेल्या पुरुषांनाही जावे लागेल. आई बोलली नाही. महिनाभर काकू माहेरी गेली आहे असे मला सांगण्यात आले होते, ते आता आठवले. काकू परत आल्यावर आईने उंबऱ्यावरच ऊन पाण्याने तिचे पाय धुतले होते, तेही आठवले. माहेराहून आलेल्या बाईचे पाय कोणी धूत नाही, हे पाच वर्षांच्या मुलाच्या लक्षात येण्यासारखे नव्हते.

"लई हाल झाले का तिथं?" मी विचारले. नकळत मी तिच्याच बोलीत विचारले.

"हाल कसले? महिनाभर आयती भाकरी खाल्ली. कच्ची करायचे मात्र." मग ती म्हणाली, "घरी आल्यावर तुझ्या आईनं पहिली भाकरी मला वाढली. मी म्हणलं, बाई, हे काय? ती म्हणली, गुमान खा. तवापासून खाऊन राह्यले."

आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती, कोणास ठाऊक.

"सांगितलंस?" तिने विचारले.

"सांगितलं. त्याला तिकडं उर्दूत कळलंच हुतं. मी निस्तं मराठीत सांगितलं."

त्या दुपारी ओट्यावर आम्ही चौघे बसलो. मी चौकशी करून आलो होतो. सजा माफ करून घेण्याचा अर्ज हैदराबादला करता येतो. पण वर्ष-दीड वर्षाखाली उत्तर येत नाही, असे अमीनसाहेबांनी सांगितले होते. बहिणीचे दिवस कार्तिकात भरणार होते. आईला जाता येणार नाही, हे मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितले.

काकू मुळीच खचली नाही. "त्यात काय! बाईनं माझ्या नावानं जावं. माझं नाव तर साफ हाय. तवा मी तिच्या नावानं गेले, आता ती माझ्या नावानं. बराबर झालं."

"फोटू लागतो म्हणं," काका म्हणाले.

"बाईचा लावा की. सायबाला काय कळतंय कोण थोरली अन् कोण धाकटी?"

मी मास्तर; त्या अर्जाखाली सही माझी पडायची. आणि त्याहून, जावयांनी ओढलेली ती रेघ मला दिसत होती. पण आईच्या डोळ्यांत त्या क्षणी जी आशा उमटली, तीही मला दिसली. सात वर्षांत तिने आपल्या मुलीला पाहिले नव्हते. मी "नको" म्हणायला तोंड उघडले आणि नेहमीप्रमाणे माझा आवाज फुटला नाही. शेवटी आईच बोलली.

"न्हाई. तिकडं सापडले तर तसंच माघारी धाडतील. मंग पोरीजवळ कुणीच न्हाई. अन् माझ्यापायी तुझ्या नावाला डाग लागंल. एवढं एक नाव तरी साफ राहू दे घरात."

"मंग?"

"तू जा. तुझ्या नावानं."

"मी?" काकू म्हणाली. "अगं बाई, तिनं आईला बोलावलंय. मी कशी जाऊ? मला लेकरू न्हाई, बाळ न्हाई. बाळंतिणीच्या उशाशी आई लागती."

"तीन महिन्यांची हुती, तवा तिला तुरुंगात न्यावं लागलं असतं. न्हाई नेली. कुणामुळं?" आई म्हणाली. "तिला न्हाऊ कुणी घातलं? तिच्या टाळूला तेल कुणाच्या हातचं? माझ्या हातात ती रडायची, तुझ्या हातात गप व्हायची. मी गेले काय अन् तू गेलीस काय."

एवढे बोलून ती आत गेली. सकाळी पाखडून ठेवलेली ज्वारी तिने पुन्हा सुपात घेतली आणि पुन्हा पाखडली. तिसऱ्यांदा घेतली, तेव्हा काकू आत गेली आणि तिने सूप काढून घेतले. दोघी आत काय बोलल्या ते मला माहीत नाही. बऱ्याच वेळाने काकू बाहेर आली. तिचे नाक लाल झाले होते. "फोटूला लुगडं कोणतं नेसू?" तिने विचारले.

जालन्याच्या फोटोग्राफरने तिला पदर कानामागे घ्यायला सांगितले, तेव्हा ती त्याला म्हणाली, "तुझ्या आईनं घेतला अस्ता का रे?" मग घेतला. त्या फोटोत ती अशी रोखून पाहते आहे, की जणू फोटोग्राफरचेच कागद तपासते आहे.

दुसरा अर्ज गेला. नाते: चुलती. आणि अमीनसाहेबांचा निरोप आला, की बाईंना समक्ष हजर करा.

तीच कचेरी, तोच लिंब. काका बाहेर पायरीवर बसले. मी काकूला घेऊन आत गेलो. काकू खोली अशी न्याहाळत होती, जसे कोणी जुने बिऱ्हाड पाहायला यावे. अमीनसाहेबांच्या पुढ्यात दोन कागद होते. एक आमचा अर्ज. दुसरा पिवळा पडलेला, चोवीस वर्षांपूर्वीचा.

त्यांनी फोटो पाहिला, काकूकडे पाहिले. मग कारकुनाला लिहायला सांगून विचारले, "खाविंद का नाम?"

मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, मी सांगतो. आमच्यात बायका..."

"मालूम है. लेकिन इनको बोलने दो, मास्टरसाब." त्यांनी पिवळ्या कागदावर बोट ठेवले. "पुराने मुकदमे में बाई एक लफ्ज नहीं बोली. सिर्फ सिर हिलाया. इस बार सिर हिलाने से नहीं चलता."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला. तेव्हा पदराआड कोण उभे होते, हे त्यांना कळले होते. काकूने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा दाराकडे. मग तिने डोळे मिटले आणि तीस वर्षांच्या संसारात जे नाव तिने कधी उच्चारले नव्हते, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, खणखणीत आवाजात घेतले.

"ओ! आलो!" बाहेरून काका म्हणाले. आणि खरोखरच धोतर सावरीत दारात येऊन उभे राहिले.

कारकुनाने तोंडावर हात धरला. अमीनसाहेबांना हसता हसता खोकल्याची उबळ आली. त्यांना पाणी द्यावे लागले. काका तसेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसा भाव पूर्वी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

मग अमीनसाहेब गंभीर झाले. "आखरी सवाल. बाई, कभी किसी अदालत से आप को सजा हुई है?"

काकूला खोटे बोलता येत असे. लहानपणी आमच्यासाठी ती पुष्कळ खोटे बोलली होती. पण त्या दिवशी, इतके मोठे नाव तोंडातून काढल्यावर, तिला खोटे बोलावेसे वाटले नसावे.

"सजा मला न्हाई झाली, सायेब," ती म्हणाली. "सजा बाईला झाल्ती. मी निस्ती जाऊन राहून—"

"बस." अमीनसाहेबांनी हात वर केला. त्यांनी पिवळा कागद घडी घालून बासनात ठेवला आणि बासनाची दोरी बांधली. "जितना पूछा, उतना ही जवाब, बाई. सजा आप को हुई?"

"न्हाई."

"लिखो," ते कारकुनाला म्हणाले, "सजा नहीं हुई."

आम्ही बाहेर निघालो तेव्हा त्यांनी मला थांबवले. "मास्टरसाब, भैंस का क्या हुआ फिर?"

"आणखी सहा वेते झाली तिची," मी म्हणालो.

"अच्छा," ते म्हणाले, आणि समाधानाने मान हलवली.

पासपोर्ट श्रावणात आला. नाव तारेने कळवले आणि जावयांनी तिकडून परवाना काढला. भाद्रपदात जालन्याच्या स्टेशनवर मिस्त्री आणि त्यांची पत्नी काकूला न्यायला आले. आईने डिंकाच्या लाडवांचा डबा तिच्या मांडीवर ठेवला, वर घुटीची पुरचुंडी ठेवली, आणि काय काय उगाळून कसे द्यायचे ते सांगत राहिली. हे सगळे काकूला आईपेक्षा जास्त ठाऊक होते. काकूने ते सगळे ऐकून घेतले. गाडी हलल्यावर आई डब्याबरोबर चार पावले चालली आणि मग, इतर बायका जे सांगतात त्यातले काहीच न सांगता, म्हणाली, "तिला म्हणावं, मी धाडली."

त्यानंतर आमच्या घरात पहिली भाकरी रोज बाजूला निघत असे. दुपारी ती म्हशीला जाई. आश्विन गेला, दिवाळी गेली. कार्तिक संपला तरी पत्र आले नाही. आई मला काही विचारीत नव्हती. पण शुक्रवारी मी गावी पोचलो की माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बघत असे.

पत्र पौषात आले. काकूने सांगितलेले, बहिणीने लिहिलेले. मी उंबऱ्यातच वाचायला सुरुवात केली. मुलगी झाली होती. बाळ आणि बाळंतीण दोघी खुशाल होत्या. बाळ महिन्याचे होईपर्यंत काकूने पत्र लिहू दिले नव्हते. कारण आधीच आनंद कळवला आणि काही वेडेवाकडे झाले, तर बाईला तिथे एकटीने सोसावे लागेल, असे तिचे म्हणणे होते. पुढे काकूचे शब्द होते: "बाईला सांग, पोरीला टाळू भरून तेल घालते. रडत न्हाई. बोटीतून उतरताना गोऱ्या सायबानं पुन्हा नवऱ्याचं नाव विचारलं. मी लगेच सांगितलं, मोठ्यानं. आता सवय झाली. अन् बाईला म्हणावं, मी येईस्तोवर पहिली भाकरी तिनं खावी. म्हशीला घालू नये. मला ठावं हाय ती काय करून राह्यली."

आई उठली, हात धुऊन चुलीपुढे बसली. पहिली भाकरी उतरली. ती तिने ताटात घेतली आणि पुष्कळ वेळ नुसती समोर धरून बसली. मग एक तुकडा मोडला आणि खाल्ला. आणि खाता खाता, तोंडात घास तसाच असताना, रडू लागली. मी बाहेर ओट्यावर आलो.

काका तिथे खांबाला टेकून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी घसा साफ केला.

"ते," ते म्हणाले, "ते नावाचं काय लिव्हलंय, ते परत वाच."

मी वाचले. त्यांनी ऐकले. मी पत्राची घडी घालू लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"मोठ्यानं म्हणून लिव्हलंय ना?"

"मोठ्यानं," मी म्हणालो.